अंदाजात ऊन आहे, वीज आहे. धूर कुठे आहे?

जंगलकाठ
सकाळी उठल्यावर सवयीने नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज उघडला. पूर्व विदर्भात दोन दिवस पारा चढणार, परवापासून तुरळक ठिकाणी विजांचा कडकडाट, सोसाट्याचा वारा. जिल्ह्यांना पिवळा रंग. सगळं व्यवस्थित. आणि हे वाचत असताना इथे गडचिरोलीत अंगणातून समोरची टेकडी दिसत नव्हती. एप्रिलात धुकं कुठलं, धूर होता. रात्री जंगलाच्या पलीकडच्या कक्षात वणवा लागला होता. आईला दम्याने पहाटे चारलाच उठवलं.

वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो. म्हणजे चार महिने धूर होणार, हे सरकारी कागदावरच आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचा ठिपका टिपते आणि वनखात्याच्या माणसांना मोबाइलवर मेसेज पाठवते. मग तेच माझ्या आईला का कळू नये? ऊन आणि वादळाच्या जोडीला धुराची एक ओळ अंदाजात असावी, एवढंच माझं म्हणणं. तुम्हाला काय वाटतं?

समदाबरेषा
नाही पटत. पावसाचा अंदाज भौतिकशास्त्रावर चालतो. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. उद्या कोण कुठल्या झाडाखाली काडी ओढणार, हे कुठलं मॉडेल सांगणार?

उपग्रहावरही फार विसंबू नका. ज्या उपकरणांतून हे ठिपके येतात, त्यांतलं ३७५ मीटरच्या चौकोनापर्यंतचा तपशील टिपणारं उपकरण आपल्यावरून साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला जातं. संध्याकाळी सहाला पेटलेलं गवत त्याला मध्यरात्र उलटल्यावर दिसणार, तेही तोवर जळत राहिलं तर.

शिवाय २०२४ ची मेअखेर आठवते ना? नागपुरात रामदासपेठेच्या स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश! यंत्र बिघडल्याचा खुलासा करावा लागला. त्याच आठवड्यात दिल्लीत मुंगेशपूरचे ५२.९. आधी तापमान तर धड मोजू द्या त्यांना.

जंगलकाठ
साहेब, उद्या लागणारी आग मी मागतच नाहीये. आज लागलेल्या आगीचा धूर उद्या पहाटे कुठे बसेल, तेवढं सांगा.

दुपारी त्रेचाळीस अंशांत जमीन तापते, हवा उसळून वर जाते, तिच्याबरोबर धूरही वर जाऊन पातळ होतो. म्हणून दुपारी टेकडी दिसते. रात्री जमीन निवते, जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची उबदार. झाकणच बसतं म्हणा ना. मग धूर नाल्याच्या खोलगटीत आणि आमच्या गावात मुक्कामाला. हे झाकण कधी बसणार, वारा पडणार का, हे हवामान खात्याला नाही कळणार तर कोणाला? हिवाळ्यात याच हिशेबाने दाट धुक्याचा इशारा देतातच की.

५६ अंशांचं म्हणाल तर चूक झाली, खुलासा आला, संपलं. तुमच्या न्यायाने थर्मामीटरच विहिरीत टाकायचा का?

एडिसनचा बापू
न्यू जर्सीतून लिहितोय. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या, विशेषतः क्वेबेकमधल्या वणव्यांचा धूर इथवर आला. ७ तारखेला न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं होतं; दुपारी घरात दिवे लावून बसलो होतो. इथे धुराचा नकाशा तासातासाचा असतो, पावसाच्या नकाशासारखाच. तेव्हा अशक्य असं काही नाही.

पण जंगलकाठ, एक फरक सांगतो. ते वणवे आठवडेच्या आठवडे जळत होते, धूर शेकडो मैल चालत आला. अशा धुराचा माग काढता येतो. तुमच्याकडचा पालापाचोळा एका रात्रीत जळून मोकळा. त्यामुळे मी अर्धा तुमच्या बाजूने आहे, अर्धा समदाबरेषांच्या.

संत्राबाग
बाप्पा, अर्धा इकडं अर्धा तिकडं! वरुडवरून मी सांगतो, पुरा विरोधात हावो.

धुराची ओळ कोन वाचन? पह्यलेच दिवसाआड यलो अलर्ट येऊन राह्यला. अमरावती जिल्हा यलो म्हनजे कोनाले? धारणीले का वरुडले? मधात सातपुडा हाये ना भाऊ. मांगच्या पंधरवड्यात तीन डाव यलो झाला, आमच्याकडे थेंब नाई. चवथ्या डावाले गारा आल्या अन् आंबिया बहाराच्या संत्र्याचा सडा पडला खाली. आता यलो म्हटलं का पोट्टे हासतात.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेवाल्यांचं ते दामिनी ॲप मातर कामाचं. वीस-चाळीस किलोमीटरात इज पडून राह्यली तं दाखवते. तसं नेमकं काही देत असान तं द्या. नाई तं असू द्या. (अन् शेतात रेंज नसते हे वेगळंच.)

जंगलकाठ
संत्राबाग भाऊ, हे लागलं. जिल्हाभर एकच रंग फासला की काय होतं ते आम्हीही पाहतो. मी उलट तालुक्याच्या पातळीवर मागतोय, पण तुमचं बरोबर, मिळणार जिल्ह्याच्याच पातळीवर.

मोहफूल
मला या धाग्यातलं गृहीतच खटकतंय. धुराचा इशारा निघाला की दुसऱ्या दिवशी बातमी काय येणार? मोहफुलं वेचणाऱ्यांनी जंगल पेटवलं.

फुलं पहाटे गळतात. झाडाखाली पाला असेल तर दिसत नाहीत, म्हणून बुंध्याभोवतीचा पाला जाळतात. यातून आग सुटते, हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण विडीसाठी लागणाऱ्या तेंदूला कोवळी, मऊ पानं फुटावीत म्हणून मुद्दाम लावलेली आग? तिचा फायदा कोणाला, हे कोणी विचारत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेला २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलाचा हक्क मिळाला, आणि तिने तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यापायी जंगल छाटावं आणि जाळावं लागतं. दरवर्षी येणारा पैसा सोडला आणि बांबूवर भर दिला. मोहाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या तर पाला जाळावाच लागत नाही. धूर कमी करायचा तर तो असा होतो. नागपुरात बसून रंग भरल्याने नाही.

समदाबरेषा
मोहफूल यांच्याशी सहमत, कारण माझं वेगळं. धुराचा अंदाज दिला आणि तो बरोबर आला की चुकला, हे कोण तपासणार? हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणारी ‘सफर’ यंत्रणा दिल्ली, पुणे, मुंबई, अहमदाबाद या शहरांसाठी उभी राहिली. गडचिरोलीच्या जंगलात मोजायला आहे काय? चंद्रपुरात मोजतात, तर तिथे औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी. कुठला धूर कोणाचा? त्यात सूक्ष्म कणांचं प्रमाण ठरतं २४ तासांच्या सरासरीवर, आपल्याकडे मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. तुमच्या पहाटेच्या चार तासांचा कोंडमारा त्या सरासरीत बुडून जाईल. पडताळा नसलेल्या अंदाजाला आपण पंचांग म्हणतो.

जंगलकाठ
पंचांगाचं म्हणाल तर मेअखेर अख्खा विदर्भ नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, पंचांगातूनच मोजतो, आणि त्या दिवसांत दुपारी बाहेर पडत नाही. सांगायचं काय, लोकांना आकडा नको असतो. ‘पहाटे धूर साचण्याची शक्यता, दम्याच्या रुग्णांनी दारं-खिडक्या लावून घ्याव्यात’, बस. पडताळ्याला यंत्र नाही हे मान्य. पण यंत्र नाही म्हणून अंदाज नाही, आणि अंदाजाची गरज नाही म्हणून यंत्र नाही, असं किती वर्षं फिरायचं?

मोहफूल, तुमचं मात्र मनावर घेतलंय. आम्हीही मोह वेचतो. ज्या आईला दमा आहे, तीच चाळीस वर्षं झाडाखालचा पाला जाळत आली. यंदा जाळी आणली. तिला ती आवडलेली नाही. फुलं ‘मातीची वाटत नाहीत’ म्हणते. इशाऱ्यात गावाचं नाव आलं की बोट कोणाकडे जाईल, हे मलाही दिसतं. म्हणून धूर कुठे बसणार तेवढं सांगावं, आग कुठे लागली ते नको. एवढं वेगळं काढता येईल का, हे समदाबरेषांनी सांगावं.

समदाबरेषा
येईल. वारा आणि ते तुमचं झाकण, एवढ्यावर ‘धूर साचायला अनुकूल’ असं म्हणता येतं, आग कुठेही असो. याला माझी हरकत कमी आहे. ‘हरकत नाही’ असं अजून म्हणत नाही.

संत्राबाग
तुमी भांडत रहा. गडचिरोलीवर ढग पाह्यले का? आमच्याकडून सरकून राह्यले तिकडं.

जंगलकाठ
पाहिले. दामिनीवर ठिपके आलेत, पंचवीस-तीस किलोमीटर. आई जाळी गुंडाळायला झाडाखाली गेलीय, मोह भिजला की काळा पडतो म्हणून. तिला आणतो आधी.