पाच दिवसांनी परतले, बाळ अंगावर घेईना

मंडळी, नमस्कार.

मस्कतहून सुट्टीला बेळगावात, अनगोळला माहेरी आलेय. मुलगा वीस महिन्यांचा, अजून अंगावर पितो. मधेच कंपनीनं पाच दिवस बेंगळुरूच्या ऑफिसात बोलावलं. त्याला आईजवळ ठेवून रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघाले. पहिले दोन दिवस छाती दाटून आली की बाथरूममध्ये जाऊन हातानं पिळून बेसिनमध्ये टाकत होते. ते दूध वाहून जाताना बघवत नव्हतं. पुढं दाटणंच कमी झालं.

काल सकाळी घरी पोचले. पळत येऊन बिलगला, पदर ओढला, तोंड लावलं आणि दोन घोटांत सोडून दिलं. तोंड वाकडं करून आजीकडं गेला. आई म्हणते, "पाच दिवसांचं शिळं दूध ते, पोट बिघडेल त्याचं. आता सुटलंयच तर तोडून टाक." शेजारच्या कन्नड अक्का म्हणतात, कडुलिंबाचा पाला वाटून लाव, परत मागणार नाही. माझ्या उजवीकडं लिंबाएवढी गाठ आलीय, दुखते.

मला इतक्यात तोडायचं नाही. पण दूध खरंच खराब होतं का? आणि तो घेतच नसेल तर मी उगाच हट्ट धरलाय का?

अनगोळची लेक

---

बाळ,

आधी गाठीचं. जोरात चोळून ती मोडायला जाऊ नकोस, आतली सूज वाढते. तो पीत नसेल तर हातानं हलकं काढ, छाती सैल होईपर्यंतच. मधून मधून ओलं गार कापड ठेव. एका दिवसात उतरली नाही, कातडी लाल-गरम झाली किंवा थंडी वाजून ताप आला तर लगेच डॉक्टरांना दाखव. तेव्हाही पाजणं थांबवायचं नसतं, त्या दुधानं बाळाला अपाय होत नाही.

आता शिळं दूध. अंगातलं दूध नासत नाही. ते पातेल्यात काढून ठेवलेलं दूध नव्हे. मात्र पाजणं एकदम कमी झालं की दुधात मीठ वाढतं आणि चव खारट लागते. गाठ असेल त्या बाजूला तर जास्तच. तुझ्या लेकानं तोंड वाकडं केलं ते बहुधा त्यामुळं. आपल्या आज्यांनी पोरांची अशीच वाकडी तोंडं बघितली आणि त्याला 'शिळं' म्हणाल्या. त्यांचं बघणं चुकलं नव्हतं, कारण चुकलं. आईला हे असंच सांग, तिला वाईट वाटणार नाही. पाच दिवस तिनंच सांभाळलंय त्याला.

दूध आटलं म्हणून घाबरू नकोस. दूध तुंबून राहिलं की शरीर पुढचं कमी करतं, वरचेवर निघायला लागलं की परत वाढवतं. पाच दिवसांत काही संपत नाही. आणि वीस महिने म्हणजे फार झाले असं कुणी म्हटलं तर त्यांना सांग, जागतिक आरोग्य संघटनाच दोन वर्षं आणि पुढंही पाजा म्हणते. दुसऱ्या वर्षातसुद्धा बाळाला लागणाऱ्या ताकदीतला तिसरा हिस्सा अंगावरच्या दुधातून मिळू शकतो. बाकी मऊ भात, आमटी, नाचणीची आंबील चालूच असेल.

कडुलिंब मात्र लावू नकोस गं. आई पाच दिवस दिसली नाही, आणि आली तर छाती कडू. त्या जिवानं काय समजायचं?

माझी मुलगी बावीस महिन्यांची असताना मला टायफॉइड झाला, आठ दिवस दवाखान्यात होते. घरी आले तर ही माझ्याकडं बघेना. मी सारखी पदर पुढं करायचे, ती ढकलायची, मी रडायचे. तिसऱ्या दिवशी माझ्या सासूबाई म्हणाल्या, "तू मागं लागू नको, नुसती जवळ ऱ्हा." मग तिच्याशी खेळले, तिला अंघोळ घातली, दुपारी उघड्या अंगाशी घेऊन पडले. दूध हा शब्दच काढला नाही. झोपेच्या गुंगीत तिनं स्वतः शोधलं. तूही तेवढंच कर. झोपेच्या आधी, पहाटे, अर्धवट झोपेत मुलं लवकर घेतात. बाटली अजिबात आणू नकोस, वरचं दूध वाटीनं पाज.

निपाणीला आमच्या गल्लीतल्या बायका तंबाखूच्या वखारीत जायच्या. संध्याकाळी आल्या की आधी हातपाय, छाती स्वच्छ धुवायच्या, लुगडं बदलायच्या, मगच पोराला घ्यायच्या. दिवसभर लांब राहूनही दोन-दोन वर्षं पाजलं त्यांनी. तुझा हट्ट नाही हा. त्यानं खरंच सोडलं असेल तर आठवड्याभरात कळेल, तोवर तू सोडू नकोस.

पुढच्या वेळी काढलेलं दूध बेसिनमध्ये नको. झाकणाच्या स्वच्छ डब्यात फ्रीजमध्ये चार दिवस राहतं. बाहेर चार तास, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून कमी धर.

निपाणीची मावशी

---

मावशी,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण पाला घेऊन आलेल्या अक्कांना तिनंच चहा देऊन परत पाठवलं.

काल चौथी रात्र. लाईट गेली होती. माझ्या दंडावर डोकं ठेवून तो बांगड्या मोजल्यासारखा एकेक सरकवत होता. तसाच खाली सरकला आणि प्यायला लागला. मी श्वास रोखून पडले होते. बऱ्याच वेळानं घोट गिळल्याचा आवाज यायला लागला.

डावीकडंच घेतो अजून. उजवी बाजू मी हातानं मोकळी करते, गाठ सुपारीएवढी राहिलीय. एका दिवसात उतरली नाही म्हणून परवाच डॉक्टरांना दाखवून आले. रविवारी मस्कतला निघतोय, दोघंही.

अनगोळची लेक