गच्चीवरचे सात अँटेना

शुक्रवार

सी-१०१ (सचिव): सर्व सभासदांना नमस्कार. सोमवारपासून गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुरू होतंय. वर टीव्हीचे सात जुने अँटेना आहेत. ज्यांचे असतील त्यांनी रविवारपर्यंत काढून न्यावेत. राहिलेले भंगारवाल्याला देऊ.

बी-३०१: आमचा नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा डिश होती.

ए-२०१: एक बाबांच्या काळातला आमचा असेल. देऊन टाका सर.

ए-३०२: सचिवसाहेब, टाकीजवळचा माझा आहे, तो देऊ नका. आणि बाकीचे द्यायच्या आधी वर जाऊन एकदा बघा. दोन वाऱ्याने फिरलेत, पण पाच जणांची तोंडं अजून एकाच बाजूला आहेत. वायव्येला, म्हैसमाळच्या दूरदर्शन मनोऱ्याकडे.

सी-१०१ (सचिव): ठेवतो काका. पण आता तिकडून काही येत नाही ना?

ए-३०२: नाही येत. प्रसार भारतीने २०२२च्या मार्चपर्यंत देशातले जवळपास सगळे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले. पण हा अँटेना मी स्वतः गोळा बघून लावलेला आहे, म्हणून जीव अडकलाय.

ए-२०१: गोळा म्हणजे?

ए-३०२: टेस्ट पॅटर्न रे. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी दूरदर्शनवर एक स्थिर चित्र लागायचं. करड्या पाटीवर पांढऱ्या रेघांचे चौकोन, मधोमध मोठा गोळा, गोळ्याच्या पोटात रंगीत पट्ट्या आणि त्याखाली बारीक उभ्या रेघा. फिलिप्सच्या डेन्मार्कमधल्या लोकांनी १९६०च्या दशकात ते तयार केलं. पीएम ५५४४ त्याचं नाव. कितीतरी देशांतल्या केंद्रांनी तेच वापरलं. लोक म्हणायचे, अजून काही लागलं नाही, नुसत्या पट्ट्याच आहेत. मी चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात टीव्हीच्या लाइनवर होतो. माझ्यासाठी पट्ट्या हाच दिवसातला महत्त्वाचा कार्यक्रम. त्या चित्रात एक रेघसुद्धा शोभेसाठी काढलेली नव्हती.

ए-३०२: गोळा गोल दिसला पाहिजे. अंड्यासारखा झाला तर उंची-रुंदी बिघडलेली. चौकोन कोपऱ्यापर्यंत सारखे पाहिजेत. बारीक रेघांचे पाच गट असायचे, प्रत्येक गट आधीच्यापेक्षा जास्त बारीक. कितव्या गटापर्यंत रेघा सुट्या दिसतात त्यावरून चित्राची धार कळायची. घरच्या टीव्हीवर शेवटचा गट बहुतेक करडाच व्हायचा. आणि एका काळ्या पट्टीत एकच पांढरी उभी रेघ, सुईसारखी. तिच्या उजव्या अंगाला दुसरी फिकी रेघ दिसली की समजायचं, सिग्नल दोनदा यायलाय. एकदा मनोऱ्यावरून सरळ, एकदा कशावर तरी आपटून जरा उशिरा. आपल्याकडं तो आपटायचा मागच्या पाण्याच्या टाकीवर. मी गच्चीवर, मुलगा खाली टीव्हीपुढं. "आलं का?" "नाही." "आता?" सगळ्या कॉलनीत हीच आरडाओरड असायची, पण आमचं पोरगं त्या एका रेघेवर डोळा ठेवून उत्तर द्यायचं. ती दुसरी रेघ गेली तेव्हा नट आवळला. तो आजपर्यंत हलवलेला नाही.

ए-२०१: काका, हे मला अजिबात माहीत नव्हतं. आमचा अँटेनाही ठेवा सर.

बी-३०१: आमच्या गावाकडं, केज तालुक्यात, संध्याकाळी व्होल्टेज पडलं की चित्र दोन्ही बाजूंनी आखडायचं. पडद्याच्या कडेला काळे पट्टे यायचे. आजोबा म्हणायचे, टीव्ही दम टाकायलाय.

ए-३०२: बरोबर दिसत होतं त्यांना. पॅटर्नच्या काठाला काळे-पांढरे ठोकळे असायचे ना, ते त्यासाठीच. ठोकळे पडद्याच्या कडेला टेकले म्हणजे चित्र पुरतं. आत सरकले की आधी स्टॅबिलायझर बघायचा, मग टीव्ही उघडायचा.

सी-१०१ (सचिव): मध्येच सांगतो, क्षमा असावी. जायकवाडीच्या लाइनचं पाणी उद्या पहाटे सोडणार असा निरोप आहे. खालची टाकी भरल्याशिवाय मोटर लावू नये.

बी-१०४: बरं झालं सांगितलंत. भावजी, तुम्ही सगळं चित्राचं सांगितलंत, आवाजाचं कोणीच बोलेना. मी परभणीची. आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही. त्या घरच्या आजी दाराला कडी लावत नव्हत्या, आम्ही चपला बाहेर काढून गुपचूप जाऊन बसायचो. पट्ट्या लागलेल्या आणि मागं कधी नुसता टूंऽऽ असा एकच सूर, कधी सतार, कधी बासरी. कोण वाजवतंय, कुठला राग, काही सांगत नसत. कार्यक्रमाची वेळ झाली की सतार मध्येच, तान पुरी न होता, विरून जायची. पुढं विसाव्या वर्षी मी गाणं शिकायला लागले. बाईंनी एक दिवस भीमपलासीचे आरोह-अवरोह घेतले आणि मला एकदम त्या घरातली गार फरशी आठवली. मी बोलून गेले, हा तर पट्ट्यांचा राग आहे. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, दुपार उतरताना ऐकलास ना, मग बरोबर वेळेला ऐकलास.

सी-२०३: काकू, अंगावर काटा आला.

ए-३०२: वहिनी, त्या टूंऽऽचंही काम होतं. तो एक हजार हर्ट्‌झचा सूर. आवाजाची पातळी दिल्लीहून निघाली तेवढीच इथं पोचली का, ते त्याच्यावर काटा बघून जुळवायचे. संगीत लावायचं तर शब्दांशिवायचं बरं, कारण ते कुठूनही उचलता येतं, कुठंही सोडता येतं. घड्याळाचा काटा आला की सोडावंच लागायचं.

बी-१०४: तेच तर. गाणं असतं तर अर्धं तोडल्याचा राग आला असता. सतारीचा नाही यायचा. ती कुठंतरी पुढं चालूच आहे असं वाटायचं. मग ते दोन पाकळ्यांचं चिन्ह फिरत फिरत यायचं आणि ती धून. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, १९७६च्या एप्रिलमध्ये, तेव्हापासूनची. परभणी आकाशवाणीची सकाळची धून त्याच्याही आधीची. ती वॉल्टर कॉफमन नावाच्या गृहस्थांनी १९३६मध्ये बांधलेली, शिवरंजनीत. युरोपातून आलेला माणूस. आमच्या घरी चुलीवर चहाचं आधण आणि ती धून एकाच वेळी सुरू व्हायचं.

सी-२०३: मला एक सांगायचंय. इथं कधी बोलले नाही. माझे बाबा म्हैसमाळच्या मनोऱ्यावर ड्यूटीला होते. खुलताबादच्या घाटातून जीप वर जायची. पावसाळ्यात धुकं इतकं की गेट दिसायचं नाही. काका म्हणतात तसंच, बाबांसाठी पट्ट्यांची वेळ म्हणजे परीक्षा. वरून आलेला सिग्नल आणि आपण बाहेर सोडतोय तो, दोन्ही शेजारी शेजारी मॉनिटरवर लावून बघायचे. धून सुरू झाली की डबा उघडायचे. आम्ही घरी शहरात टीव्हीपुढं बसायचो आणि आई धून ऐकून म्हणायची, बाबा आता जेवायला बसले. तेव्हा घरी फोन नव्हता. बाबा ठीक आहेत हे आम्हाला त्या गोळ्यावरून कळायचं. एकदा गोळाच आला नाही, नुसत्या मुंग्या. आई पदर खोचून दारात जाऊन उभी राहिली. पाऊण तासाने गोळा आला. तिने देवापुढं दिवा लावला.

ए-३०२: ताई, तुमचे वडील वर होते? मी त्यांच्याच सिग्नलवर अँटेना लावलाय. इतकी वर्षं एका जिन्याने चढतो-उतरतो आपण.

सी-२०३: हो काका. बाबा असते तर तुमच्याकडं तासन्‌तास बसले असते.

शनिवार

ए-२०१: रात्री बराच वेळ यावर वाचत बसलो. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या टेस्ट कार्डवर एक लहान मुलगी होती. १९६७पासून. हातात खडू, शेजारी विदूषकाची बाहुली, फळ्यावर फुली-गोळ्याचा डाव. ती तिथल्याच इंजिनिअरची आठ वर्षांची मुलगी. तिकडं दिवसभर कार्यक्रम नसायचे, पण दुकानदाराला टीव्ही दाखवायला आणि मेकॅनिकला बसवायला काहीतरी चालू पाहिजे, म्हणून कार्ड आणि त्याच्यामागं वाद्यवृंदाचं हलकंफुलकं संगीत. त्या संगीताच्या चाहत्यांचं तिथं आजही मंडळ आहे. जुन्या ध्वनिफिती शोधतात, कुठली चीज कुणी वाजवली ते खणून काढतात.

ए-३०२: फळ्यावरची एक फुली बरोबर पडद्याच्या मध्यबिंदूवर आहे बघ. मुलीचा चेहरा ठेवला तो त्वचेचा रंग जुळवायला. पट्ट्या बरोबर आहेत की नाहीत ते मला कळतं, पण माणसाचा चेहरा हिरवट झालाय हे घरातल्या कुणालाही कळतं.

बी-१०४: आपल्याकडं असं मंडळ पाहिजे होतं. माझ्या त्या सतारीचं नाव कुणी लिहून ठेवलं असेल का, असं मनात येतं. इतक्या लोकांनी ऐकलेला कलाकार, आणि एकालाही नाव माहीत नाही.

ए-३०१: काकू, आमच्याकडं तर ब्लॅक अँड व्हाइट होता, वर निळी काच लावलेला. पट्ट्या रंगीत असतात हे मला लग्नानंतर कळलं. आम्हाला त्या जिन्यासारख्या दिसायच्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत उतरत गेलेल्या.

ए-३०२: ताई, तो जिना मुद्दाम केलेला आहे. पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, जांभळट गुलाबी, लाल, निळा, काळा. सगळ्यात उजळ रंग आधी, मग उतरत्या क्रमाने. रंगीत टीव्हीवाल्याला रंग दिसावेत आणि ज्याच्याकडं रंग नाहीत त्याला पायऱ्या दिसाव्यात. पायऱ्या सगळ्या सुट्या दिसल्या तर तुमचा ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बरोबर. आपल्याकडं रंगीत प्रक्षेपण १९८२ला आलं, पण पुढं कितीतरी वर्षं बहुतेक घरांत जुनेच टीव्ही. चित्र काढणाऱ्याने त्यांनाही धरलं होतं. मला या गोष्टीचं फार वाटतं.

ए-३०२: लाइनवरची एक गोष्ट सांगतो. आमच्या बाकापर्यंत पॅटर्न केबलने यायचा. टीव्ही पाठमोरा, झाकण काढलेला, मी मागं उभा. पडदा दिसावा म्हणून पुढं आरसा ठेवलेला. ट्यूबच्या मानेवर चकत्या असतात चुंबकाच्या. त्या केसभर फिरवायच्या. आधी चौकोनाची एकच रेघ तीन दिसायची, लाल, हिरवी, निळी, शेजारी शेजारी. बोटाने चकती सरकवत गेलं की त्या एकमेकींवर येत जायच्या आणि एका क्षणी तिन्ही मिळून पांढरीशुभ्र रेघ. तो क्षण प्रत्येक टीव्हीला नवा असायचा, हजारो टीव्ही केले तरी. आरशात सगळं उलटं. पट्ट्या उलट्या क्रमाने, अक्षरं उलटी. गोळा मात्र आरशातही तसाच. म्हणून मी आधी गोळा बघायचो.

ए-३०१: घरी दुरुस्तीला मेकॅनिक आला की आईकडं आरसा मागायचा. आम्हाला वाटायचं, केस विंचरायलाय.

बी-३०१: काका, तुमच्याकडं अजून आहे का असला टीव्ही?

ए-३०२: १४ इंची एक माळ्यावर आहे. छोटा पॅटर्न जनरेटरही आहे, दुरुस्तीसाठी घेतला होता. त्यात सगळा गोळा नाही येत. चौकोन आणि पट्ट्या येतात. आज उतरवून बघतो. चालला तर उद्या संध्याकाळी पाचला खालच्या हॉलमध्ये लावतो. पोरांना रेघ जुळवून दाखवतो.

सी-१०१ (सचिव): हॉल मोकळा आहे. चहा माझ्याकडून. आणि अँटेना एकही देत नाही. वॉटरप्रूफिंगवाल्याला दांड्यांभोवती काम करायला सांगतो.

बी-१०४: मी भीमपलासीची सतार काढून ठेवते मोबाइलवर. आवाज बारीक ठेवू, पट्ट्यांच्या मागं वाजायचा तेवढाच.

सी-२०३: मी आईला घेऊन येते.

शनिवार, रात्री ९:४०

ए-३०१: काका, तुमच्याकडं काही लावलंय का? छोटी मघापासून कानावर हात ठेवून म्हणायलीय, शिट्टी वाजायलीय, एकदम बारीक. दोन्ही दारं उघडी आहेत, तरी मला काही ऐकू येईना.

ए-३०२: टीव्ही चालू झाला ताई! आवाज पूर्ण बंद आहे. ती शिट्टी आतल्या ट्रान्सफॉर्मरची, सेकंदाला १५,६२५ वेळा. आताच्या टीव्हींना ती नसते. लहान होतो तेव्हा शेजारच्या घरी टीव्ही लागला हे मला गल्लीतून कळायचं. आता मला स्वतःला ती ऐकू येऊन वीसेक वर्षं झाली. मी बंद करतो, तिला विचारा.

ए-३०१: थांबली म्हणते.

ए-३०२: आता?

ए-३०१: आली म्हणते.