व्हिएन्नात दोन दिवस: हाब्सबुर्ग घराणं बघायला कुठून सुरुवात करू?

सदाफिरती: ऑक्टोबरात बाबांना घेऊन व्हिएन्नाला चाललेय. बाबा निवृत्त इतिहास-शिक्षक. पेशव्यांची वंशावळ झोपेतून उठवून विचारा, पण ऑस्ट्रियावर राज्य केलेल्या हाब्सबुर्गांची लिहायला बसले की फर्डिनांड आणि लिओपोल्डच्या घोळात कागद फाडतात. व्हिडिओंत जो तो शोनब्रुनचा राजवाडा आणि चॉकलेट केक दाखवतो. एकामागून एक सोनेरी खोल्या बघून आम्हा दोघांनाही जांभया येतात. काय बघू, काय गाळू?

बखरवेडा: शोनब्रुन दुसऱ्या दिवसावर टाका. पहिल्या सकाळी नॉयर मार्क्टवरच्या कापुचिन चर्चचं तळघर गाठा. घराण्यातली १५०च्या आसपास माणसं तिथे धातूच्या शवपेट्यांत आहेत, त्यांत १२ सम्राट. वंशावळ कागदावर कळत नाही, तिथे चालता चालता कळते.

सम्राट सहाव्या कार्लची पेटी शोधा. तिच्या कोपऱ्यावर एक कवटी आहे आणि कवटीच्या डोक्यावर साम्राज्याचा मुकुट. या कार्लने १७१३ मध्ये फर्मान काढलं: मुलगा नसेल तर मुलीला वारसा मिळावा. मग उरलेलं आयुष्य युरोपभरच्या दरबारांतून त्यावर सह्या गोळा करण्यात घालवलं. १७४० मध्ये तो गेला आणि दोन महिन्यांत प्रशियाचा राजा फ्रेडरिक त्याच्या मुलीच्या वाट्याच्या सायलेशिया प्रांतात घुसला. कागद कागदाच्या जागी राहिला, युद्ध आठ वर्षं चाललं.

ज्या मुलीसाठी हा खटाटोप, ती मारिया थेरेसा जवळच आहे. अवाढव्य पेटी, वर नवराबायको जणू झोपेतून उठून एकमेकांकडे बघतायत. आणि पायथ्याशी तांब्याची साधी, बिननक्षीची पेटी: मोठा मुलगा दुसरा जोसेफ. आईचा थाट आणि पोराचा हट्टी साधेपणा, दोघांच्या राज्यकारभारातला फरक याहून सोपा करून कोणी सांगणार नाही.

कोथिंबीर_जुडी: तळघराला माझंही मत. पण दुपारी कुन्स्टहिस्टोरिशेस या कला-संग्रहालयात वेलास्केझने रंगवलेली निळ्या झग्यातली मार्गारिता बघाच. स्पेनच्या राजाची मुलगी. तिचं लग्न व्हिएन्नाच्या सम्राट लिओपोल्डशी ठरलेलं, म्हणून पोर कशी वाढतेय ते कळावं यासाठी चित्रं इकडे पाठवली जात. लिओपोल्ड तिचा सख्खा मामा! आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, इथे खुद्द मामाच नवरदेव. १६६६ मध्ये लग्न, १६७३ मध्ये गेली, वय २१. तिच्या आईबापांचंही लग्न मामा-भाचीचंच. तिचा भाऊ दुसरा कार्लोस १७०० मध्ये निपुत्रिक वारला आणि स्पेनच्या गादीवरून युरोप पेटला. बाबांचा कागद का फाटतो ते इथे कळेल.

माफक: राजवाडे आवडत नसतील तर मुख्य स्टेशनाजवळ आर्सेनलमधलं लष्करी संग्रहालय. साराजेवोत २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड ज्या उघड्या गाडीत मारला गेला ती गाडी आणि त्याचा रक्ताने डागाळलेला निळा अंगरखा, दोन्ही तिथे आहेत. तो स्वतः मात्र कापुचिन चर्चच्या तळघरात नाही. बायको राजघराण्याच्या बरोबरीची नाही म्हणून तिला तिथे जागा नव्हती, तेव्हा त्याने आधीच आर्टश्टेटनच्या किल्ल्यात दोघांची सोय करून ठेवली होती. मला सगळ्या व्हिएन्नात तो अंगरखाच लक्षात राहिला.

बखरवेडा: हे बरं आठवलंत. मग शोनब्रुनलाही अर्थ येतो. सगळा महाल फिरू नका, निळी चिनी खोली बघा. ११ नोव्हेंबर १९१८ला शेवटचा सम्राट कार्ल याने राज्यकारभारातून अंग काढून घेणाऱ्या कागदावर तिथे सही केली. 'गादी सोडली' असे शब्द मात्र त्यात नाहीत, आणि १९२१ मध्ये त्याने हंगेरीत परतायचा दोनदा प्रयत्न केला. मेला मादेइरा बेटावर, अजून तिथेच आहे.

सदाफिरती: बाबांना सगळं वाचून दाखवलं. कवटी आणि अंगरखा नक्की, म्युझियमात फक्त मार्गारिता. त्यांचा प्रश्न: फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत मारिया थेरेसाचीच मुलगी ना, ती आईजवळ आहे का?

बखरवेडा: नाही. १७९३ मध्ये गिलोटिनखाली गेली. १८१५ मध्ये अवशेष काढून पॅरिसजवळ सेंट-डेनीच्या चर्चमध्ये ठेवले.

सदाफिरती: झालं. आता पॅरिसच्या गाडीचं वेळापत्रक मागतायत.