फोमचा पंख जोडताना अडकलोय, रविवारच्या आत मदत हवी आहे

ऐरोलीकर_९
नमस्कार मंडळी. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचा पंख दोन तुकड्यांत कापला, गोंद लावून जोडला. तीन दिवस झाले, उचलला की मधून सुटतो. शिवाय जोडावर पायरी येते, पॉलिशपेपरने कितीही घासली तरी जात नाही. मोटर, सर्व्हो, बॅटरी सगळं तयार आहे, फक्त पंखावर अडलंय आणि रविवारी सकाळी उडवायचंय. कुठला गोंद लावू तेवढं सांगा. "रेडीमेड घ्या" कृपया कोणी सांगू नका.

निवांत_नेरूळ
फोम कुठला? गोंद कुठला? पंख केवढा? मधे स्पार, म्हणजे पंखाच्या आतून जाणारा लांब दांडा, आहे का? तुम्ही बॅटरी तयार आहे हे सांगितलंत, जे लागत नाही.

ऐरोलीकर_९
फोम म्हणजे थर्माकोल, दुसरा काय असणार. गोंद नेहमीचा पांढरा. लांबी १२०.

निवांत_नेरूळ
१२० सेंमी असं धरतो.
पांढरा गोंद सुकतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. तुमच्या जोडाला दोन्हीकडून थर्माकोल, पाणी जाणार कुठून? कडेला साय धरते, आत श्रीखंड. त्यात जुलै महिना, इथे टॉवेल दोन दिवस वाळत नाहीये. जोड उघडून बघा, आत ओलं सापडेल.
दोन ट्यूबवालं इपॉक्सी आणा, अ‍ॅराल्डाईट चालेल. ते सुकत नाही, दोन भागांची आपसात क्रिया होऊन घट्ट होतं, त्यामुळे हवा लागत नाही. पाच मिनिटांत धरणारं नको, सावकाशवालं घ्या. पंख सरळ करेपर्यंत हातात वेळ राहतो. रात्रभर हलवू नका.

मखरवाला_ठाणे
पांढऱ्या गोंदाला उगाच बदनाम करू नका. २० वर्षं गणपतीची थर्माकोलची मखरं केली, सगळी त्याच गोंदावर आणि टाचण्यांवर. एक सुटलं नाही. २०१८ला बंदी आली, तेव्हापासून पुठ्ठा आणि कापड. पण थर्माकोलला हात लावला की अजून बोटांना कळतं, कुठे दाबायचं ते. गोंद पातळ लावायचा, दहा मिनिटं उघडा ठेवायचा, मग जोडायचं. सगळे लपालपा लावतात, तिथे चुकतं.

निवांत_नेरूळ
मखर उडत नाही, काका.

मखरवाला_ठाणे
घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून टेम्पोने नेलेली आहेत. तुमच्या विमानाला इतके धक्के बसतात का?

धडाधड
एवढं कशाला? थेंबभर इन्स्टंट गोंद टाका, दहा सेकंद धरा, विषय संपला.

निवांत_नेरूळ
नको! साधा सायनो, म्हणजे हाच इन्स्टंट गोंद, थर्माकोल खातो. फोमसेफ म्हणून वेगळा मिळतो, तोच चालतो. तीच गत रबरवाल्या पिवळ्या सोल्यूशनची. आणि पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्यांकडचं फायबरचं रेझिनही लावू नका. ते बहुतेक पॉलिएस्टर असतं, त्यातल्या स्टायरीनमध्ये थर्माकोल विरघळतो. काचकापड (काचेच्या धाग्यांचं कापड) लावायचं तर इपॉक्सीनेच.

ऐरोलीकर_९
सायनो सगळ्यात आधी तोच लावला होता, सांगायचं राहिलं. खालच्या बाजूला करंगळी जाईल एवढा खड्डा पडला. म्हणून तिथे घासून सपाट केलं आणि मग पांढरा लावला.

निवांत_नेरूळ
हे पहिल्या ओळीत हवं होतं. पायरी त्याचीच असणार. घासताना एक बाजू जास्त गेली.

उलवे_सेक्टर
उडवणार कुठे? ते कोणी विचारतच नाही. उलव्याच्या नव्या नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५पासून विमानं सुरू झालीत. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नकाशावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावर आपली जागा बघा, आणि पोलिसांचा बंदी आदेश चालू आहे का तेही. नाहीतर रविवारी पंखाऐवजी तुम्हीच अडकाल.

ऐरोलीकर_९
जागा ठरलेली आहे, परवानगीही मित्राने घेतलीय. गोंदाचं बोला हो.

जुनाबाल्सा
फोम हा प्रकारच मला पटत नाही. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या रिब्ज, म्हणजे फासळ्या, वर टिश्यू कागद, त्यावर डोप, म्हणजे कागद ताणून धरणारं वार्निश. उन्हात धरला की आतला सांगाडा दिसतो. ते विमान. बाकी सगळं पॅकिंग.

धडाधड
मग पडल्यावर महिनाभर दुरुस्ती करत बसा.

जुनाबाल्सा
बसतो. छंद आहे तो, डिलिव्हरी नाही.

निवांत_नेरूळ
अवांतर पुरे. ऐरोलीकर, स्पारचं उत्तर आलंच नाही.

ऐरोलीकर_९
स्पार नाही. गोंद घट्ट असेल तर स्पार कशाला?

निवांत_नेरूळ
पंखाला सगळ्यात जास्त वाक मधोमध बसतो, नेमका तुमच्या जोडावर. हवा पंख वर उचलते, वजन मधे लटकतं, म्हणजे जोडाची खालची बाजू ताणली जाते. थर्माकोल ताण सोसत नाही. गोंद टिकेल, शेजारचे दाणे सुटतील. ६ मिमीची कार्बन ट्यूब किंवा ३ मिमी प्लायचा जोड आत बसवा, आणि वरून मधल्या भागाला तीन बोटं रुंद काचकापड इपॉक्सीने गुंडाळा. त्याखाली थोडी अरुंद दुसरी पट्टी, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही.
एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आहेत की नुसता रडर (शेपटीची उभी पट्टी)?

ऐरोलीकर_९
रडर, एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी), मोटर. एवढंच.

निवांत_नेरूळ
मग पंख सरळ रेषेत जोडू नका, नुसत्या रडरने वळायचं तर टोकं वर हवीत. दोन्हीकडे ५-५ अंश. एक अर्धा टेबलावर सपाट दाबून ठेवलात तर दुसऱ्याचं टोक साधारण साडेदहा सेंमी उचललेलं हवं. त्याखाली पुस्तकं रचा. त्या दुसऱ्या अर्ध्याच्या मुळाची, म्हणजे जोडाकडची, कड तिरकी घासायची तर ती टेबलाच्या कडेला आणा, टोक तसंच उचललेलं ठेवा आणि लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून टेबलाच्या उभ्या कडेला लावून घासा. कोन आपोआप येतो.

वाचनमात्र
फोटो टाका ना एक. समोरून, जोड दिसेल असा.

ऐरोलीकर_९
टाकलाय. घाईत काढलाय, मागचा पसारा बघू नका.

वाचनमात्र
पसारा नाही बघत. पंख मुळाशी रुंद आणि टोकाला अरुंद दिसतोय. गरम तारेने कापलात ना? फर्मे (ज्यांच्या कडेने तार फिरते ते पंखाच्या आकाराचे साचे) कसे लावले होते?

ऐरोलीकर_९
सनमायकाचे फर्मे. मुळाला २२ सेंमी, टोकाला १५. दोन्हींवर १ ते १० आकडे लिहिले. बायको टोकाकडे, मी मुळाकडे, मी आकडा बोलायचो आणि दोघं एकदम तिथे पोचायचो. पहिला ठोकळा झाल्यावर काहीच हलवलं नाही, दुसरा तिथेच ठेवून तसाच कापला. कापणी मस्त झाली होती, एक लाट नाही.

वाचनमात्र
तिथेच गोची आहे. दोन्ही तसेच कापलेत, म्हणजे दोन्ही डावे झाले. मुळं समोरासमोर आणायला तुम्ही एक पालथा केलात. फोटोत नीट बघा, डावीकडचा फुगवटा वर आहे, उजवीकडचा खाली. तुमची पायरी ती आहे. पॉलिशपेपरने जन्मात जाणार नाही.

निवांत_नेरूळ
अरेच्चा. बरोबर आहे. मी पायरी त्या खड्ड्यावर ढकलून मोकळा झालो होतो.

जुनाबाल्सा
रिब्जच्या पंखात हे होत नाही.

धडाधड
होतं.

ऐरोलीकर_९
बायकोने कापताना विचारलं होतं, "हा दुसरा पण याच बाजूने का?" मी म्हटलं होतं, तू आकड्यांकडे लक्ष दे.
म्हणजे आता एकच परत कापायचा ना?

वाचनमात्र
एकच. फर्म्यांची अदलाबदल करून, मुळाचा तिकडे, टोकाचा इकडे. तुम्ही दोघांनीही जागा बदला.

मखरवाला_ठाणे
ठोकळा शिल्लक आहे का? नसेल तर शनिवारी ठाण्याला या, माझ्याकडे माळ्यावर जुन्या चार पाट्या पडल्यात. तार तापवून ठेवतो. आणि वहिनींना घेऊन या.