गावच्या नाट्यमंडळाचा इतिहास लिहायचा आहे, पण सांगणाऱ्यांचा मेळ बसत नाही

वैनगंगाकाठ (प्रश्न):
नमस्कार मंडळी. वडसा तालुक्यातलं आमचं गाव. दंडार (आमच्याकडचं लोकनाट्य) करणाऱ्या पोरांनीच इथलं नाट्यमंडळ काढलं, मग शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री धान निघालेल्या बांधीत, म्हणजे शेतात, स्टेज टाकून नाटकं व्हायला लागली. जुन्यांपैकी आता तबलजी, स्त्रीपार्टी (बाईची भूमिका) करणारे आजोबा आणि पडदे रंगवणारे काका एवढेच उरले. तिघांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून राहिली आहे. पण नागपूरहून पहिली नटी काहून आणली, यावर एकमत नाही. आजोबा म्हणतात, माझा आवाज बसला म्हणून. तबलजी म्हणतात, शेजारच्या गावानं आणली म्हणून आपल्यालाही आणावी लागली. काकांना तर सालच आठवत नाही. कोणाचं खरं धरू?

जुना प्रॉम्प्टर:
पोरी, दोघांचंही लिही, ज्याच्या त्याच्या नावानं. एकाचं खोडून दुसऱ्याचं ठेवू नको.

मी झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, कितीतरी हंगाम विंगेत बसून काढले. दिवाळीच्या सुमारास वडशात नाटक कंपन्यांच्या ऑफिसांवर बोर्ड लागतात, गावोगावचे लोक तारखा बुक करायला येतात. रोज नवं गाव, रात्री पडदा उघडला तं उजाडेपर्यंत नाटक. तालमीला सवड कुठं? वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द टाकायचे, बाकीचं नट उचलतो. जास्त दिलं तं त्याची लय तुटते, उशीर झाला तं पब्लिक शिट्ट्या मारते.

म्हणून आधी तुमच्या मंडळाची प्रॉम्प्टिंगची वही शोध. माझ्या वहीत लाल शाईच्या खुणा होत्या: इथं ऑर्गनवाला सूर धरेल, इथं विनोदी पात्र आपल्या मनचं बोलणार, थांब. खोडलेलं वाक्य दिसलं का विचार, काहून खोडलं? गोष्ट तिथून निघते. नुसतं साल विचारशील तं 'लय वर्षं झाली' एवढंच ऐकशील.

आणि माईक आल्यावर काय बदललं, हे तिघांनाही विचार. आधी पार शेवटच्या माणसाकडं तोंड करून खड्या आवाजात बोलावं लागे. मग स्टेजवर वरून माईक लोंबायला लागले, आणि भांडणाचा प्रवेश असो का मरणाचा, नट त्याच्याखाली येऊन उभा राहायला लागला. बारीक आवाजही मागपर्यंत पोचायला लागला. आजोबांच्या आवाजाची गोष्ट तिथं कुठं जुळते का पाह.

बांधावरचा मास्तर:
सालासाठी नाटकाची जुनी पत्रकं धुंडाळा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला, त्याआधी वडसा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. पत्रकावर 'जि. चंद्रपूर' असेल तर बहुधा त्याच्या आधीचं. अलीकडचं ठरवायला शंकरपटाची बंदी कामी येते: २०१४ ला बैलांच्या शर्यती बंद करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, पुन्हा परवानगी मिळाली ती थेट डिसेंबर २०२१ मध्ये.

झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली, सगळ्या झाडीपट्टीची छाती फुगली. पण पडदेवाले आणि प्रॉम्प्टर यांच्याकडे कॅमेरा फारसा वळत नाही. ताई, तुमच्या काकांना पडद्यांबद्दल सविस्तर बोलतं करा. राजवाड्याचा पडदा कोणत्या रंगात, कशावर रंगवला, फ्लेक्स आल्यावर त्या पडद्यांचं काय झालं, सगळं.

वैनगंगाकाठ:
वही मिळाली! तबलजींच्या घरी, ट्रंकेत. कडा वाळवीनं खाल्ल्या आहेत, पानं चिकटली आहेत.

जुना प्रॉम्प्टर:
उन्हात ठेवू नको, शाई उडते. सावलीत वारं लागू दे, सुटेल तेवढंच पान सोडव, ओढू नको, आणि लगेच फोटो काढ. मग तिघांना एका ओसरीवर बसव. आजोबांना त्यांचा प्रवेश म्हणायला लाव, तबलजीला ठेका धरू दे, शब्द तू टाक. अडतील तिथं घाई करू नको, रेकॉर्डिंग चालू राहू दे.