चिंगीनं बेदाणे खाल्लेत, काय करू?

तासगावजवळ आमचं बेदाण्याचं शेड आहे. अर्ध्या तासापूर्वी निवडताना सांडलेले मूठभर बेदाणे आमच्या 4 महिन्यांच्या कुत्रीनं, चिंगीनं मटकावले. खेळतीय, शेपूट हलवतीय. आई म्हणती, मिठाचं पाणी पाजून ओकारी काढ. काढू का?

उत्तर : ताई, मीठ अजिबात नको, त्यानंच विषबाधा होते. आत्ताच पशुवैद्याकडे न्या. द्राक्षं-बेदाण्यानं कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते आणि किती खाल्ले तर चालतात, असं माप नाही. लवकर गेलात तर औषध देऊन उलटी करवता येते. आमचा वाघ्या पहिल्या दिवशी असाच हुंदडत होता. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. गेला तो. म्हणून सांगतोय, खेळतीय म्हणून थांबू नका.

उत्तर : खाल्ल्याची वेळ लिहून न्या. आणि एरवी चिंगीच्या भाकरीवर कांदा-लसणाची आमटी ओतत असाल तर तेही बंद करा.

ताई : मिरजेत आलोय. उलटीत 17 बेदाणे निघाले, फुगून टपोरे झालेले. सलाईन लावलंय, रक्त परत तपासणार आहेत. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीय. शेडच्या दाराला उद्याच जाळी मारतो आम्ही.