ॲब्लेशनला १८ दिवस झाले आणि ह्यांची धडधड परत सुरू

भांडुपकरीण:
ह्यांचं वय ५८. एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात त्यासाठी, ॲब्लेशन केलं, म्हणजे नळीने हृदयाच्या आतली बिघडलेली जागा डागली. जांघेत नळी घातली होती तिथला काळानिळा डाग आता पिवळट पडलाय, मी नारळ फोडून मोकळी झाले होते. परवा रात्री अडीचला जाग आली तर हे खिडकीचा गज धरून उभे. "गॅस झालाय, ईनो दे." मी मनगट धरलं. बोटाखाली तीन ठोके घाईघाईने, मग एक गायब, मग दोन एकमेकांना चिकटून. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजले, १२४. वीसेक मिनिटांत आपोआप थांबलं. काल रात्री पुन्हा तेच.

त्यात आज गोळ्यांचं पाकीट मोजलं तेव्हा कळलं, हिरड्यांतून रक्त येतं म्हणून रक्त पातळ करायची गोळी ह्यांनी दोन दिवस घेतलीच नाही! हॉस्पिटलात फोन केला तर "पुढच्या तारखेला या". तारीख महिन्याने आहे. ऑपरेशन फुकट गेलं का हो?

गिरगावचा काका:
फुकट गेलं असं आत्ताच धरू नका. माझं ॲब्लेशन २०१९ ला झालं. पहिले दोन महिने असंच व्हायचं, जिना चढताना तर हमखास. आतली जखम भरेपर्यंत हृदय चिडचिड करतं, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या धडधडीवरून निकाल लावत नाहीत, असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण अंगावरही काढू नका. धडधड चालू असतानाचा ईसीजी हवा, थांबल्यावर काढलेला साफ येतो.

रात्रपाळी सिस्टर:
ताई, बावीस वर्षं हृदयविभागात आहे. मला धडधडीपेक्षा त्या न घेतलेल्या गोळीची भीती वाटते. हृदयाच्या आतल्या बाजूला डागलेली जागा अजून कच्ची असते, तिथे गुठळी धरली तर ती थेट मेंदूत जाऊ शकते. आजची गोळी आज द्या, चुकलेल्या भरून काढायला दुप्पट नको, आणि हिरड्यांचं डॉक्टरांना आजच सांगा. तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ अडखळली तर १०८. छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली किंवा जांघेत सूज वाढली तरी थांबू नका. सायनची कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते.

अजून एक. पुढचे काही आठवडे ताप आला किंवा घास गिळताना दुखलं तर ते ॲसिडिटीवर ढकलू नका. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागे असते, क्वचित तिला इजा होते. तेव्हा ॲब्लेशन झालंय हे आधी सांगा, आणि डॉक्टरांना ते ठाऊक असल्याशिवाय घशातून दुर्बीण घालू देऊ नका.

भांडुपकरीण:
सिस्टर, तुमचं वाचलं आणि तशीच ह्यांना रिक्षात घातलं. वाटेत मुलुंड चेकनाक्याजवळ धडधड सुरू झाली, त्यामुळे ईसीजी चालू धडधडीतला मिळाला. फिब्रिलेशनच आहे. ठोके आवरायची गोळी वाढवली, रक्त पातळ करायची तीच ठेवली, हिरड्यांसाठी मऊ ब्रश. तारीख महिन्याऐवजी सोमवारची दिली. गिळताना दुखत नाही, मी तीन-तीनदा विचारलं. गोळ्यांचा डबा आता माझ्याकडे, चहापत्तीच्या बरणीशेजारी. आत्ता झोपलेत. ताप ९८.४.